समोरच्याचं म्हणणं

"खाली बसा दोघंही," हत्तुरे सर म्हणाले.

सुदर्शन क्षीरसागर बाकावर चढून उभा होता आणि हरीश मेरगूचा हात त्याच्या शर्टापर्यंत पोचला होता. फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात विषय लिहिलेला होता : 'जागतिकीकरणाने सोलापूरला काय दिलं?' बारावी कॉमर्सचा अर्थशास्त्राचा तास. आज मी शिकवणार नाही, तुम्हीच चर्चा चालवा, असं सांगून सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले होते. पंधरा-वीस मिनिटांत ही वेळ आली होती.

हरीशच्या वडिलांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना होता. त्यांचा माल परदेशी जायचा. सुदर्शनने बोलता बोलता म्हटलं, "तुझ्या बापाला परदेशातनं पैसा येतो, म्हणून तुला जागतिकीकरण गोड लागतंय." त्यावर हरीश म्हणाला, "आणि तुझ्या अंगातली पँट कुठली बे? काढ की मग." वर्ग हसला. तिथून पुढे सगळं बिघडलं.

दोघं बसले. सर जागेवरून उठले नाहीत. तिथूनच त्यांनी विचारलं, "हरीश, सुदर्शनचं म्हणणं काय होतं?"

"काहीतरी... आम्ही लोकांना लुटतो असं."

"असं म्हणाला तो?"

हरीश वहीची पानं चाळायला लागला.

"सुदर्शन, हरीश काय म्हणाला?"

"पँट काढ म्हणाला."

पुन्हा हशा. सर हसले नाहीत. "म्हणजे बोललात दोघंही, ऐकलं कोणीच नाही. शनिवारी जोड तास आहे. तेव्हा परत बसू. नियम तुम्ही करा, चालवायचं तुम्ही. मी तोंड उघडणार नाही."

नियम काय करायचे यावर मधल्या सुट्टीत खल झाला. मोठ्याने बोलायचं नाही, आईबाप काढायचे नाहीत वगैरे कोणीतरी सांगत होतं. अस्मा बागवान माझ्या शेजारी डबा खात होती. ती म्हणाली, "आमच्या घरी काय करतात सांगू? भाईजान शारजाला आहे ना, त्याचा फोन येतो तेव्हा आवाज तुटत असतो. अर्धं कळतं, अर्धं नाही. म्हणून अम्मी तो काय बोलला ते परत म्हणून दाखवते. तो 'हां, बराबर' म्हणाला की मगच स्वतःचं बोलते. नाहीतर तो पैशाचं बोलतो आणि ही तब्येतीचं ऐकते."

तोच नियम ठरला. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. तो 'हो, हेच' म्हणाला की मग आपलं बोलायचं. तो 'नाही' म्हणाला, तर परत प्रयत्न करायचा.

अध्यक्ष कोण, यावर मात्र वाद झाला नाही. सुदर्शनच म्हणाला, "श्रीलताला करा. ती कोणाच्याच बाजूची नाही."

मी त्या दिवशी तासाला एक शब्द बोलले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता. मी हो म्हटलं. अध्यक्षाने स्वतःचं मत द्यायचं नाही, हाही एक नियम होता, आणि मला तो सोयीचा वाटला. माझे वडील मेरगूंच्याच कारखान्यात मागावर होते, हे वर्गात अस्मा सोडून कोणाला माहीत नव्हतं. हरीशलाही नव्हतं. आम्ही दोघं एकाच समाजाचे, घरी तेलुगू बोलणारे. पण तो दहावीपर्यंत इंग्रजी शाळेत होता आणि मी पूर्व भागातल्या महापालिकेच्या. समाजाच्या लग्नात त्याचे वडील पहिल्या रांगेत सोफ्यावर असायचे आणि माझे वडील पंगतीत वाढायला.

गुरुवारी कॉलेजातून घरी आले तर नान्ना घरात होते. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. त्यांची दुसरी पाळी असायची, दुपारी निघून रात्री यायचे. त्या दिवशी ते अम्मासमोर मांडी घालून बसले होते आणि पत्र्याच्या मापावर विडीचं पान कातरत होते. आमच्याकडे विड्या बायका वळतात. अम्मा लग्नाआधीपासून वळत होती, आणि इतक्या वर्षांत नान्नांनी तिच्या विडीपानांच्या सुपाला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"दुसरी पाळी बंद केली," अम्मा म्हणाली.

"बंद नाही," नान्ना म्हणाले. "थांबवलीय. ऑर्डर आली की बोलावणार आहेत."

"कधी?"

"जॉबर म्हणाला, बोलावू." जॉबर म्हणजे त्यांच्या पाळीचा मुकादम.

त्या वर्षी जगात कुठेतरी मोठ्या बँका बुडाल्या होत्या. आम्ही ते पुस्तकाबाहेरचं म्हणून सरांकडून ऐकलं होतं. तिकडे बँका बुडाल्या, म्हणून तिकडच्या लोकांनी टॉवेल घेणं का थांबवावं, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. नान्ना पान कातरत होते. कात्री नवी असल्यासारखी त्यांच्या बोटात अडकत होती, आणि अम्मा वाकडी कातरलेली पानं बाजूला काढत होती.

"बाहेर कुठे बोलू नकोस," ते मला म्हणाले. "बोलावतील."

शुक्रवारी मी हत्तुरे सरांना गाठलं. "सर, मला अध्यक्ष नको. दुसऱ्या कोणाला करा."

"का गं?"

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "सांगायचं नसेल तर नको सांगू. पण तुला वर्गाने निवडलंय, मी नाही. काढायचं तर त्यांनाच सांगावं लागेल, आणि ते कारण विचारतील."

मी परत फिरले.

शनिवारी बाक गोल लावले होते. सर कोपऱ्यात, भिंतीला खुर्ची टेकून. मी फळ्यापाशी, हातात खडू. पहिला अर्धा तास इतका नीट गेला की आपण उगाच घाबरलो असं वाटायला लागलं. अस्मा भावाबद्दल बोलली. तो तिकडे आहे म्हणून घरावर स्लॅब पडला, पण त्याच्या मुलीने त्याला फक्त फोटोत पाहिलंय, असं ती म्हणाली. एका मुलाने तिचं म्हणणं परत सांगताना फक्त स्लॅबचं सांगितलं. अस्मा म्हणाली, "अर्धं झालं. मुलीचं राहिलं." त्याने तेही सांगितलं. कोणी हसलं नाही.

मग हरीश उभा राहिला. घरून तयारी करून आला होता.

"माझे आजोबा टॉवेलचा गठ्ठा घेऊन गुलबर्ग्याच्या बाजारात बसायचे," तो म्हणाला. "विकला तर जेवण, नाहीतर परत. पप्पांनी बाहेरच्या ऑर्डरी घेतल्या. त्यासाठी कर्ज काढून नवे माग आणले, त्या मागांवर माणसं लागली. माल बाहेर गेला नसता तर ते माग आलेच नसते आणि ती माणसंही लागली नसती. आता मंदी आहे. मंदी जाईल. एक वर्ष वाईट आलं म्हणून सगळंच वाईट होतं असं म्हणणं बरोबर नाही."

सुदर्शनने हात वर केला. "आधी त्याचं सांग," मी म्हटलं.

"सांगतो की. हरीशचं म्हणणं असं, की त्याच्या पप्पांनी सोलापूरवर उपकार केलेत."

"हरीश, हे तुझं म्हणणं आहे?"

"नाही."

"सुदर्शन, परत."

"बरं. हरीशचं म्हणणं असं, की मंदी आली तरी त्यांचं काही बिघडत नाही."

"हे पण नाही," हरीश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मग मला नाही येत," सुदर्शन म्हणाला. "अध्यक्षबाईंनीच सांगावं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरी नान्ना सुपापुढे बसले असणार हे मला माहीत होतं. एखादा शब्द इकडचा तिकडे केला असता तरी चाललं असतं, कोणाच्या लक्षात आलं नसतं. 'कर्ज काढून' एवढं गाळलं असतं तरी पुरे होतं.

मी सांगितलं. त्याचे आजोबा, गुलबर्ग्याचा बाजार, कर्ज, माग, माणसं. "आणि त्याचं म्हणणं असं, की जी कामं या व्यवहारामुळे उभी राहिली, ती एका वाईट वर्षाने खोटी ठरत नाहीत."

"हो," हरीश म्हणाला. "हेच."

सुदर्शन आता जरा वरमला होता. तो शांतपणे बोलला, "माझं एवढंच आहे. ऑर्डर आली की फायदा आधी मालकाला होतो. ऑर्डर गेली की तोटा आधी कामगाराला होतो. फायद्याची रांग आणि तोट्याची रांग उलटसुलट का?"

हरीशने त्याचं म्हणणं पहिल्याच प्रयत्नात नीट सांगितलं. मग म्हणाला, "पण सुदर्शन, हे तू वाचून बोलतोयस. मी आमचंच सांगतो. आमची दुसरी पाळी याच आठवड्यात थांबलीय. पण काढलं कोणालाच नाही. ऑर्डर आली की बोलावणार, असं सगळ्यांना सांगितलंय. त्यांची काही तक्रार नाही. एक माणूससुद्धा गेटवर भांडायला आला नाही."

बाकांवरून कोणीतरी "बरोबर आहे" म्हणालं.

मी खडू अस्माच्या हातात दिला. "तू इथे ये," म्हटलं, आणि तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. मग हात वर केला. अस्माने आधी माझ्याकडे, मग सरांकडे पाहिलं. सर हलले नाहीत. ती म्हणाली, "बोल."

मी उभी राहिले. मला वाटलं होतं आवाज चढेल. उलट तो इतका खाली गेला, की पलीकडच्यांना पुढे वाकावं लागलं.

"दुसऱ्या पाळीत माझे वडील होते. अंबादास यलदी."

हरीशने मान वर केली.

"त्यांना जॉबरने सांगितलं, ऑर्डर आली की बोलावू. ऑर्डर कुठून येते, कधी येणार, आली तर आधी कोणाला बोलावणार, हे कोणी सांगितलं नाही. आमच्या गल्लीतल्या एकाने त्यांना दुसरीकडे काम सांगितलं. ते गेले नाहीत. तिकडे लागले आणि इकडून बोलावणं आलं तर काय करायचं? म्हणून घरी बसलेत. आणि गेटवर भांडायला कोणी आलं नाही, कारण जो भांडेल त्याला बोलावणार नाहीत असं सगळ्यांना वाटतंय. तक्रार नाही असं नाही. कोणी विचारलं नाही."

मी बसले.

अस्मा हळूच म्हणाली, "हरीश, आधी तिचं."

हरीश उभा राहिला. "तिचं म्हणणं असं, की आम्ही त्यांच्यावर अन्याय केला."

"मी तसं म्हटलं नाही," मी म्हणाले.

"तिचं म्हणणं असं... की त्यांच्या घरी आता पैशाची अडचण आहे."

"आहे. पण ते मी म्हटलं नाही."

मदतीला म्हणून त्याने सरांकडे पाहिलं, सर जमिनीकडे बघत होते. शेवटी हरीश म्हणाला, "मला नाही सांगता येत."

तास संपल्याची घंटा झाली.

मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. आमच्याच गल्लीतली एक मुलगी कॉलेजात अकरावीला होती. नान्ना दारातच उभे होते.

"घरातलं वर्गात मांडलंस? तेही मालकाच्या पोरासमोर?"

"त्याने म्हटलं, तुमची काही तक्रार नाही."

"मग म्हणू दे की! तक्रार नाहीच म्हणायचं!" त्यांचा आवाज फाटला. नान्ना कधी ओरडत नसत. "आता ते कशाला बोलावतील? नाव घेतलंस ना माझं? नावानिशी सांगितलंस ना?"

मी मानेनेच हो म्हटलं. ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. अम्माने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि पुन्हा विड्या वळायला बसली. माझा धाकटा भाऊ शेजारी जाऊन बसला. आपण नान्नांचं काम घालवलं, एवढीच गोष्ट मला त्या रात्री कळत होती.

रविवारी दुपारी दारासमोर स्कूटी थांबली. हरीश होता. नान्ना पानं कातरत होते, ते घाईने उठले, मांडीवरची पानं सगळी खाली सांडली. "या या," म्हणत त्यांनी घरातली एकुलती खुर्ची पुढे ओढली. मालकाचा मुलगा माझ्या वयाचा होता, तरी नान्ना त्याला अहोजाहो करत होते. मला ते बघवलं नाही.

हरीश खुर्चीवर बसला नाही. पानं सांडली होती तिथेच खाली बसला आणि ती गोळा करायला लागला.

"मालकांनी पाठवलं?" नान्नांनी विचारलं.

"नाही. पप्पांना माहीत नाही मी इकडे आलोय."

"मग?"

हरीशने माझ्याकडे पाहिलं. "काल वर्गात मला हिचं म्हणणं परत सांगायचं होतं. तसा नियम आहे आमचा. मला आलं नाही. म्हणून म्हटलं, ज्यांचं आहे त्यांच्याकडूनच ऐकावं."

"परीक्षा आहे का तुमची?"

"तसंच काहीतरी."

नान्ना खाली बसले. त्यांनी कात्री उचलली, एक पान कातरलं, दुसरं कातरलं. "ऐकून काय करणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुमचं तुम्हालाच परत सांगणार. चुकलं तर तुम्ही सांगा."

मला वाटलं नान्ना त्याला चहा देऊन वाटेला लावतील. पण ते बोलायला लागले. कात्रीकडे बघत, हळूहळू. मागावर पहिल्यांदा उभे राहिले त्या दिवसापासून सुरुवात केली. मधेच सूत तुटल्यासारखे थांबायचे. हरीश मधे बोलला नाही. त्यांचं झाल्यावर त्याने मराठीत सांगायला सुरुवात केली.

"तेलुगूत सांग," नान्ना म्हणाले. अहोजाहो केव्हा गळलं ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "तेलुगूत सांग. तुला खरंच कळलंय का ते मला कळू दे."

हरीशची तेलुगू आजीपुरती होती. त्याने 'माग' म्हणायच्या ठिकाणी भलताच शब्द वापरला आणि अम्मा फस्सकन हसली. गुरुवारपासून आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं. हरीशही हसला. त्याने पुन्हा सुरुवात केली. चुकला की नान्ना दुरुस्त करायचे. "नाही, मी रागावलो असं नाही म्हटलं." "नाही, पैशाचं ते नंतर." असं करत करत तो शेवटी येऊन पोचला.

"तुमचं म्हणणं असं," तो अडखळत म्हणाला, "की हो म्हणा, मी थांबतो. नाही म्हणा, मी जातो. काहीच म्हटलं नाही, तर माणूस थांबतही नाही आणि जातही नाही. दारात उभा राहतो."

नान्नांनी कात्री खाली ठेवली. "बरोबर," ते म्हणाले. "हेच."

थोड्या वेळाने ते एकदम म्हणाले, "पण हे घरी सांगू नकोस."

"का?"

"बोलावणार असतील, तर तेही बोलावणार नाहीत."

"तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार," हरीश म्हणाला.

नान्ना पानं जुळवत राहिले. अम्माने हातातली विडी बांधली, दोरा तोडला आणि म्हणाली, "सांगू दे त्याला. दारात उभं राहायला तुम्ही एकटे नाही. आम्ही पण उभे आहोत तुमच्या मागे."

नान्ना तिच्याकडे बघत राहिले. मग हरीशला म्हणाले, "सांग मग. पण हसत हसत सांगू नकोस."

मंगळवारी सकाळी कारखान्यातून निरोप आला, दुसऱ्या पाळीच्या सगळ्यांनी गेटवर यावं. नान्ना इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही. अम्माच्या हातून विड्या सैल वळल्या जात होत्या.

दुपारी ते आले. चप्पल काढली, हातपाय धुतले, ताटावर बसले.

"नाही म्हणाले," त्यांनी सांगितलं.

"काय नाही?"

"काम नाही. मालक स्वतः आले होते. म्हणाले, ऑर्डर नाही. उन्हाळ्याच्या आत येईल असं वाटत नाही, आणि आली तरी निम्मेच माग चालतील. ज्याला दुसरीकडे मिळतंय त्याने जावं. पुन्हा काम निघालं तर निरोप धाडू." त्यांनी भातात आमटी कालवली. "एकदोघांनी शिव्या घातल्या. मालक ऐकून घेत होते."

मला रडू आलं. नान्नांनी पाहिलं आणि म्हणाले, "अगं, रडतेस काय? भात वाढ." त्यांनी दोनदा भात घेतला. जेवल्यावर आडवे झाले, आणि गुरुवारपासून पहिल्यांदा त्यांचं घोरणं ऐकू आलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा लागायच्या आत ते भिवंडीला गेले. तिथे कामतघरला अम्माच्या मावसभावाच्या ओळखीने त्यांना मागावर काम मिळालं. जाताना ते मला म्हणाले, "वर्गात बोललीस त्याचं मला वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत." एवढंच. माझी बारावी झाली आणि आम्हीही सगळे भिवंडीला गेलो. मेरगूंकडून निरोप आला तो दोन वर्षांनी. तोवर तिकडे आमचा जम बसला होता, भाऊ शाळेत रुळला होता. नान्ना परत गेले नाहीत. पण निरोप आला होता, हे ते बऱ्याच जणांना सांगायचे.

मी पुढे शिकले. आता न्हावा शेव्याला, परदेशी माल पाठवणाऱ्या एका कंपनीत काम करते. कधी कधी टॉवेलचेही कंटेनर असतात.

गेल्या वर्षी हत्तुरे सर निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाला सोलापूरला गेले होते. अस्मा होती, सुदर्शन होता. तो आता वकील आहे. हरीशच्या कानशिलावर केस पांढरे झाले होते. कारखाना अजून चालतो म्हणाला, लहान केलाय. माल थोडा बाहेर जातो, थोडा इथेच. त्याचे वडील त्याआधी काही महिने वारले होते. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो.

"तुझ्या वडिलांनी तुला कधी सांगितलं का, त्या दिवशी गेटवर काय झालं ते?" त्याने विचारलं.

"सांगितलं की. मालक नाही म्हणाले म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

हरीशने मान हलवली. "त्या रविवारी संध्याकाळी मी पप्पांपुढे बसलो. नियमाप्रमाणे सगळं सांगितलं, तुझ्या वडिलांनी सांगितलं तसं, तेलुगूत. मला वाटत होतं, एक कानाखाली बसणार. पप्पांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, हे कोणाचं म्हणणं आहे? मी नाव सांगितलं. तर म्हणाले, नाही. हे माझं म्हणणं आहे."

"म्हणजे?"

"आम्हालाही तेव्हाच कळलं. ज्या परदेशी कंपनीचा माल होता, ती दिवाळीपासून फोन घेत नव्हती. गोडाऊनमध्ये माल बांधून पडला होता, टॉवेलात त्यांचं नाव विणलेलं, म्हणजे दुसऱ्या कोणाला विकताही येत नव्हता. पप्पा रोज फोन लावायचे. पलीकडे कोणी हो म्हणत नव्हतं, नाही म्हणत नव्हतं. ते घरात आईलासुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी. मला म्हणाले, यलदीने तुझ्याजवळ सांगितलं, तू माझ्याजवळ सांगितलंस. मी कोणाजवळ सांगू?"

समोर मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते.

"मग मंगळवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मलाही चल म्हणाले. गेटवर सगळी माणसं उभी, पप्पा समोर उभे राहिले, आणि त्यांना बोलता येईना. तोंडातनं शब्दच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तसं बघत होतो. सगळे नुसते त्यांच्याकडे बघतायत. तेव्हा तुझे वडील पुढे आले. पप्पांच्या अगदी जवळ येऊन, हळू आवाजात म्हणाले, 'मालक, नाही म्हणायचंय ना? म्हणा. आम्ही ऐकून घेतो.'"